बोरॉन आर्सेनाइडचा स्फटिक मांडताना या चुका टाळा

बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या खोलीवर एम.एस्सी.ची पोरं प्रोजेक्ट दाखवायला येतात. विषय हल्ली बऱ्याचदा बोरॉन आर्सेनाइड, म्हणजे बोरॉन आणि आर्सेनिकचं संयुग. स्फटिकात अणू कुठं बसतात ते मांडायचं असतं, आणि चूकही ठरलेली: बोरॉन भलत्याच जागी.

हा स्फटिक झिंकब्लेंड रचनेचा, म्हणजे प्रत्येक अणूला दुसऱ्या जातीचे चार शेजारी. युनिट सेलची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या घनाकृती खोक्याची, बाजू ४.७७७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). आर्सेनिक आठ कोपऱ्यांवर आणि सहा पृष्ठांच्या मध्यावर. बोरॉन आत, ‘पाव, पाव, पाव’ या जागी (एका कोपऱ्यापासून तिन्ही दिशांना बाजूच्या पाव अंतरावर) आणि तशाच आणखी तीन जागी. गेल्या पावसाळ्यात खानापूरच्या एका मुलीनं तो ‘अर्धा, अर्धा, अर्धा’वर ठेवला. झाली की मिठाची रचना, प्रत्येकाला सहा शेजारी!

“सर, घनता तर बरोबर आलीय की, ५.२२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर!” ती म्हणाली.

येणारच. दोन्ही रचनांत सेलमध्ये चार बोरॉन, चार आर्सेनिक. एक्स-रेच्या रेषांच्या जागाही जुळल्या, कारण जालक, म्हणजे सेलचा आकार आणि पुनरावृत्तीची चौकट, तेच. फरक पडतो तो रेषांच्या तीव्रतेत, आणि ती तिनं पाहिलीच नव्हती. वहीचं बाइंडिंगसुद्धा झालेलं. मी एवढंच विचारलं, “बंधाची लांबी किती गं?” तिनं काढली: २.३९ अँगस्ट्रॉम. हवी होती २.०७. शेजारी सहा आले, हवे होते चार. पोरगी रडकुंडीला आली. चार दिवस बसून आम्ही सगळं पुन्हा केलं.

तेव्हापासून माझ्याकडे कॉम्प्युटर नंतर. आधी खानापूरची कुंभारमाती आणि खराट्याचे हीर. मातीची गोळी म्हणजे अणू, हीर म्हणजे बंध. प्रत्येक गोळीत चार हीर खोचायचे, कोणत्याही दोहोंत कोन १०९.५ अंश. पाऊण तास जातो. तेवढा धीर नसेल त्याला मी सॉफ्टवेअर उघडू देत नाही. नेटवरून फाइल उतरवून रंगीत चित्र डकवणाऱ्याला अणूचे शेजारी किती, हे विचारलं की तो गप्प होतो.

दुसरी चूक घाईची. “जास्त तापवलं तर स्फटिक मोठा होईल ना?” नाही होत. साधारण ९२० अंश सेल्सिअसच्या वर हे संयुग मोडतं, आर्सेनिक उडून जातं आणि उरतं बारा बोरॉनच्या पिंजऱ्यांचं सबआर्सेनाइड. तो वेगळाच पदार्थ. दोघांचे आकडे एका तक्त्यात घालू नका.

उष्णतावहनाचा आकडा लिहिताना वर्ष लिहाच. २०१३ मध्ये गणितानं हिऱ्याच्या तोडीचा, २००० च्या आसपासचा आकडा दिला. २०१८ मध्ये प्रत्यक्ष मोजमापात १००० ते १३०० वॅट प्रति मीटर-केल्विन आले. तांब्याचा ४०० आहे, त्यामुळे हाही मोठाच. पण गणित ते गणित आणि मोजमाप ते मोजमाप.

बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वाहण्यासाठी ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तोही अप्रत्यक्ष, म्हणजे प्रकाश सहजी न देणारा. एलईडीसाठी सुचवू नका.

आणि कॉलेजच्या लॅबमध्ये हे बनवायचं मनातसुद्धा आणू नका. आर्सेनिकची वाफ विषारी असते.