ब्राउझरमध्ये पान उघडतं, जाहिरात मात्र नाकारली जाते: क्रॉलर कुठे अडला ते कसं शोधायचं

"माझ्याकडे तर पान व्यवस्थित उघडतंय." जाहिरात 'डेस्टिनेशन नॉट वर्किंग' (जाहिरातीचं पान चालत नाही) किंवा 'डेस्टिनेशन नॉट क्रॉलेबल' (ते तपासता येत नाही) म्हणून परत आली की जाहिराती सांभाळणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. मी सर्व्हरच्या बाजूला बसतो, त्यामुळे हे वाक्य माझ्यापर्यंत स्क्रीनशॉटसकट पोचतं. स्क्रीनशॉट खराच असतो. पण त्यातून एवढंच कळतं की तुमच्या नेटवर्कवरून, तुमच्या कुकीजसकट, तुमच्या फोनला पान मिळालं. जाहिरात तपासायला येणाऱ्या क्रॉलरकडे, म्हणजे पानं आपोआप मागवून वाचणाऱ्या प्रोग्रामकडे, यातलं काहीच नसतं. त्याला काय मिळालं, हे सर्व्हरच्या लॉगलाच, म्हणजे आलेल्या प्रत्येक विनंतीच्या नोंदवहीलाच, विचारावं लागतं.

आधी कोण येतं ते पाहू. गूगल ॲड्ससाठी 'ॲड्सबॉट-गूगल' आणि 'ॲड्सबॉट-गूगल-मोबाइल' येतात, मायक्रोसॉफ्टच्या जाहिरातींसाठी 'ॲडआयडीएक्सबॉट'. सर्चसाठी येणारा गूगलबॉट वेगळा. बरेच जण इथेच फसतात: सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात) यूआरएल तपासतात, हिरवी खूण दिसते, आणि गूगलला पान दिसतंय म्हणून निर्धास्त होतात. ती तपासणी गूगलबॉटची. फायरवॉलने (नको असलेल्या विनंत्या अडवणाऱ्या पहारेकऱ्याने) गूगलबॉटला सोडायचं आणि ॲड्सबॉटला अडवायचं, हे मी वारंवार पाहतो. सर्च कन्सोलचा खरा उपयोग 'क्रॉल स्टॅट्स' अहवालात आहे. त्यात क्रॉलरच्या प्रकारानुसार आकडे मिळतात आणि ॲड्सबॉट तिथे स्वतंत्र दिसतो.

लॉगमध्ये काय पाहायचं

सर्व्हरचा ॲक्सेस लॉग उघडा, 'ॲड्सबॉट' हे नाव इंग्रजी अक्षरांत शोधा आणि जाहिरात नाकारली गेली त्याच्या आसपासच्या ओळी काढा. प्रत्येक ओळीत आयपी (विनंती जिथून आली तो नेटवर्क-क्रमांक), वेळ, मागितलेला पत्ता, स्टेटस कोड (सर्व्हरच्या उत्तराचा प्रकार सांगणारा आकडा) आणि पाठवलेल्या बाइट्सचा आकडा असतो. लोक स्टेटस कोड पाहतात आणि थांबतात. मी बाइट्सही पाहतो, कारण निम्मी गोष्ट तिथे असते.

एकही ओळ सापडली नाही, तर क्रॉलर तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नाही. अडथळा पुढे कुठेतरी आहे: डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा), सीडीएन (पानांच्या प्रती साठवून सर्व्हरच्या वतीने उत्तर देणारं मधलं जाळं) किंवा होस्टिंग कंपनीची नेटवर्क फायरवॉल. अशा वेळी वेबसाइटचे प्लगइन बंद-चालू करत बसणं म्हणजे वेळेचा चुराडा. मधला सीडीएन कॅशमधून उत्तर देत असेल तरी ओळ दिसणार नाही, म्हणून सीडीएनचा स्वतःचा सुरक्षा लॉगही उघडा.

ओळ आहे आणि कोड 403 आहे, तर सर्व्हरवरचंच काहीतरी नकार देतंय. वेगवेगळ्या पानांवर 403 आणि बाइट्सचा आकडा मात्र प्रत्येक वेळी तोच, असं दिसलं की समजा, फायरवॉलचं ठरलेलं 'प्रवेश नाही' पान जातंय. 429 म्हणजे विनंत्यांची मर्यादा ओलांडली. 503 बहुधा मेंटेनन्स मोड किंवा दमलेला सर्व्हर.

सगळ्यात फसवी ओळ 200 ची. कोड म्हणतो सगळं छान, पण एरवी मोठं असणारं पान फक्त काही केबीचं गेलेलं असतं. उघडून पाहिलं की आत 'तुम्ही माणूस आहात का ते तपासत आहोत' असं पडदापान, नाहीतर 'हे उत्पादन उपलब्ध नाही' एवढंच. क्रॉलर त्या चौकटीवर टिचकी मारत बसत नाही. त्याच्या दृष्टीने तेच तुमचं लँडिंग पेज, म्हणजे जाहिरात जिथे नेते ते पान.

आणि 200 असून पान पूर्ण गेलं असेल, तर सर्व्हर निर्दोष. मग रोबोट्स फाइल (क्रॉलरने काय वाचावं, काय नाही, हे सांगणारी साइटवरची फाइल), ट्रॅकिंगची लिंक किंवा जावास्क्रिप्टकडे वळा.

कर्लने तपासताना

लॉग हाताशी नसेल तर कर्लमध्ये (कमांड लिहून पान मागवायच्या साधनात) युजर-एजंट, म्हणजे पान मागणारा स्वतःचं सांगतो ते नाव, बदलून पान मागवता येतं. फक्त हेडर, म्हणजे पानाआधीची माहिती, मागवू नका. अशा नुसत्या हेडरच्या ('हेड') विनंतीला वेगळं आणि पूर्ण पानाच्या विनंतीला वेगळं उत्तर देणारे सर्व्हर भरपूर आहेत. पूर्ण पान मागवा, रिडायरेक्टच्या मागे जायला सांगा आणि शेवटी काय हाती आलं ते फाइलमध्ये साठवून वाचा.

या चाचणीला मर्यादा आहे. नाव ॲड्सबॉटचं असलं तरी आयपी तुमचाच असतो. चांगली फायरवॉल अशा तोतयाला अडवते आणि ते बरोबरच आहे. उलट तुमचा आयपी चालतो म्हणून ॲड्सबॉटचाही चालत असेल, असंही नाही. म्हणून कर्लचा निकाल इशारा समजा, निवाडा लॉगवर सोडा.

फायरवॉलमध्ये वाट कशी द्यायची

माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत सर्वाधिक दोषी फायरवॉलच. कोणीतरी हल्ल्याच्या भीतीने परदेशातली सगळी रहदारी बंद केलेली असते. ग्राहक एकाच देशातले, बाकीच्यांचं काय काम, हा विचार वरवर बिनचूक वाटतो. पण गूगलचे क्रॉलर अनेकदा अमेरिकेतल्या आयपींवरून येतात. जाहिरात कुठे दाखवायची आणि ती तपासायला कोण कुठून येणार, या वेगळ्या गोष्टी आहेत. देशनिहाय बंदी ठेवायचीच असेल तर तिच्या आधी चालणारा, ॲड्सबॉटला सोडणारा नियम घाला. नियमांचा क्रम महत्त्वाचा. अपवाद बंदीच्या खाली राहिला तर तो शोभेपुरताच.

हा अपवाद निव्वळ युजर-एजंटच्या नावावर मात्र देऊ नका. ते नाव कोणीही लावू शकतं. ओळख पटवण्याची रीत अशी: आयपीवरून उलटा डीएनएस शोध घ्या (म्हणजे आयपीवरून नाव काढा), मिळालेलं नाव गूगलच्या डोमेनवर संपतंय का पाहा, मग त्या नावावरून पुन्हा आयपी काढा. तोच आयपी परत आला तरच खरा. ॲड्सबॉटसारख्या खास क्रॉलरचं नाव 'रेट-लिमिटेड-प्रॉक्सी'ने सुरू होतं आणि 'गूगल डॉट कॉम'ने संपतं. 'गूगलबॉट डॉट कॉम'ची वाट पाहणारी जुनी स्क्रिप्ट त्याला तोतया ठरवते. बऱ्याच सुरक्षा प्लगइनमध्ये हा घोळ असतो. गूगल या क्रॉलरच्या आयपींची यादीही जाहीर करतं. ती एकदा उतरवून विसरू नका, ठरावीक काळाने आपोआप ताजी होईल असं करा.

होस्टिंग कंपनीला कळवताना 'साइट चालत नाही' असं लिहिलंत तर 'आमच्याकडे चालतेय' असं उत्तर येणार. त्याऐवजी असं लिहा: "अमुक तारखेला अमुक वेळी, अमुक आयपीवरून ॲड्सबॉटने हा पत्ता मागितला, त्याला 403 मिळाला. उलट्या डीएनएसने आयपी गूगलचाच असल्याची खात्री केली आहे. कोणत्या नियमाने अडवलं, त्याचा क्रमांक कळवा." नियमाचा क्रमांक मागितला की तिकीट योग्य माणसाकडे सरकतं.

एक गोष्ट अजिबात करू नका. क्रॉलर ओळखून त्याला वेगळं, गुळगुळीत पान दाखवू नका. हेतू साधा असला तरी गूगलच्या धोरणात त्याला क्लोकिंग म्हणतात आणि त्यात जाहिरातच नाही, खातंच निलंबित होऊ शकतं.

रोबोट्स फाइल

इथला एक नियम माहीत नसल्याने लोक भलत्याच ओळी बदलत बसतात. 'सगळ्या क्रॉलरसाठी' म्हणून '*' हे चिन्ह लावून लिहिलेली बंदी ॲड्सबॉट पाळत नाही. त्याला अडवायचं तर त्याचं नाव घेऊनच अडवावं लागतं. म्हणजे 'डेस्टिनेशन नॉट क्रॉलेबल'चं कारण रोबोट्स फाइल असेल, तर बहुधा कोणीतरी त्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं असतं. इंटरनेटवरून उचललेल्या 'नको असलेल्या बॉट्सच्या' लांबलचक याद्यांत ते हमखास सापडतं. त्या ओळी काढा. स्पष्ट परवानगी लिहायची असेल तर डेस्कटॉप आणि मोबाइल, दोन्ही नावं लिहा.

फाइल बदलली म्हणून लगेच फरक दिसणार नाही. गूगल ती साधारण 24 तासांपर्यंत कॅशमध्ये ठेवतं. आणि फाइल मागितल्यावर सर्व्हर 500 च्या घरातली चूक परत देत असेल, तर गूगल सुरुवातीला सगळी साइटच बंद असल्यासारखं वागतं. फाइल मुळात नसणं, म्हणजे 404, त्यापेक्षा बरं.

जाहिरातीचं पान सर्चमध्ये दिसू नये, अशी इच्छा रास्त आहे. त्यासाठी रोबोट्स फाइलला हात लावू नका, पानावर 'नोइंडेक्स' (सर्चमध्ये दाखवू नका, अशी सूचना) टाका. त्याने जाहिरातीचं काही बिघडत नाही.

ट्रॅकिंगची लिंक

सर्च जाहिरातींसाठी 2018 च्या अखेरीपासून पॅरलल ट्रॅकिंग सक्तीचं आहे. ग्राहक थेट अंतिम पानावर जातो, ट्रॅकिंगची लिंक मागच्या बाजूला चालते. त्यामुळे ट्रॅकिंग पुरवणाऱ्याचं डोमेन बंद पडलं तरी क्लिक करणाऱ्याला पत्ता लागत नाही. तपासणीत मात्र ते सापडतं. गूगल ॲड्समध्ये ट्रॅकिंगची लिंक भरायच्या जागेशेजारी ('ट्रॅकिंग टेम्प्लेट') 'टेस्ट' बटण आहे, ते दाबा आणि लिंक कुठे पोचते ते पाहा. ती भलत्या डोमेनवर संपली तर 'डेस्टिनेशन मिसमॅच' ही वेगळीच तक्रार येते.

मग अंतिम पत्त्याच्या शेवटी 'जीसीएलआयडी' हा पॅरामीटर (क्लिक ओळखण्यासाठी गूगल पत्त्याला जोडतं ती खूण) पुढे कुठलीही अक्षरं देऊन जोडा आणि पान उघडा. अनोळखी पॅरामीटर दिसला की 404 देणाऱ्या साइट अजूनही आहेत. काही फायरवॉलना त्यातली लांबलचक अक्षरांची माळ हल्ल्यासारखी वाटते. साधा पत्ता चालतो आणि हा चालत नाही, असं दिसलं तर शोध तिथेच संपला.

राहिलेलं थोडक्यात

साइट सुरक्षित असल्याचं सांगणाऱ्या सर्टिफिकेटची मधली साखळी सर्व्हरवर बसवलेली नसेल तर क्रोमसारखा ब्राउझर ती स्वतः शोधून आणतो आणि तुम्हाला कुलूप दिसतं. कर्ल मात्र बहुधा तिथेच एररचा संदेश देऊन थांबतो. म्हणून ही तपासणी ब्राउझरमध्ये करू नये.

पानावरचा मजकूर पूर्णपणे जावास्क्रिप्टने येत असेल, तर त्या स्क्रिप्ट आणि पानाला माहिती पुरवणारा एपीआय (प्रोग्रामना माहिती देणारा सर्व्हरवरचा दुवा) बंदीत नाहीत ना, ते पाहा. नाहीतर पांढरं पान तपासलं जातं. शक्य असेल तर मुख्य मजकूर सर्व्हरवरूनच पाठवा.

हजारो वेगवेगळ्या पत्त्यांच्या जाहिराती एकदम चढवल्या तर क्रॉलरही एकदम येतो, आणि छोटा सर्व्हर 429 किंवा 503 देऊ लागतो. सर्व्हरची ताकद वाढवा किंवा जाहिराती टप्प्याटप्प्याने चढवा.

दुरुस्तीनंतर

लॉगमध्ये ॲड्सबॉटच्या नावासमोर 200 आणि पूर्ण आकाराचं पान दिसेपर्यंत अपील करू नका. घाईने केलेल्या अपिलाला तोच नकार येतो. ती ओळ दिसली की जाहिरातीच्या स्थितीवरून अपील निवडा आणि कारणात 'धोरणानुसार बदल केले' असं सांगा. बहुतेक जाहिराती एका कामकाजाच्या दिवसात तपासून होतात.

ॲड्सबॉट साधारण दर दोन आठवड्यांनी पुन्हा येतो. फायरवॉल तात्पुरती उघडून मंजुरी मिळवली आणि पुन्हा बंद केली, तर पुढच्या फेरीत जाहिरात परत अडकणार. मी लॉगवर एक छोटा इशारा लावून ठेवतो: ॲड्सबॉटला 200 किंवा रिडायरेक्ट सोडून दुसरं काही मिळालं की जाहिराती सांभाळणाऱ्याला आणि मला, दोघांनाही मेल जातो.