चाट मसाल्याविना पनीर आणि फळे : मधल्या वेळचे कमी सोडियमचे खाणे

रक्तदाब वाढला की घरातली भाजी-आमटी अळणी होते, पण दुपारच्या चहाबरोबरचा चिवडा, शेव आणि खारी बिस्किटे मात्र तशीच चालू राहतात. प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणूनच मीठ कमी करायचे असेल, तर मधल्या वेळच्या खाण्याकडे आधी लक्ष द्यावे असे मला वाटते. घरच्या मऊ पनीरात फळे मिसळली, तर अर्ध्या तासात पोटभरीचा आणि प्रथिनयुक्त पर्याय तयार होतो.

दोघांसाठी अर्धा लिटर गाईचे दूध उकळून गॅस बंद करावा आणि दोन मिनिटांनी, एक मोठा चमचा लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून, थोडा थोडा घालत हलक्या हाताने ढवळावे. दूध फाटून हिरवट, निवळ पाणी वेगळे झाले की रस घालणे थांबवावे, कारण जास्त आंबटपणामुळे पनीर रबरासारखे होते. मलमलच्या कापडात गाळून त्यावर थंड पाणी ओतावे आणि दहा मिनिटे निथळू द्यावे. वर वजन ठेवू नये, कारण येथे वड्या नव्हे, ओलसर मऊ दाणे हवे आहेत. दुधातले बरेचसे सोडियम त्या निथळलेल्या पाण्याबरोबर निघून जाते, त्यामुळे एरवी कणकेत वापरले जाणारे हे पाणी ज्यांचे पथ्य कडक आहे त्यांनी वापरू नये.

विकतचे पनीर घ्यायचे असल्यास पाकिटावरील सोडियमचा आकडा वाचावा. परदेशात मिळणाऱ्या डब्यातील कॉटेज चीजमध्ये मीठ घातलेले असते आणि अर्ध्या कपातच साधारण ३५० ते ४५० मिलिग्रॅम सोडियम भरते. तेथे मीठ न घातलेला प्रकार शोधावा, तो न मिळाल्यास चाळणीत ठेवून पाण्याखाली धुऊन घ्यावे.

फळे हंगामाप्रमाणे निवडावीत. हिवाळ्यात संत्र्याच्या सोललेल्या फोडी, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी किंवा डाळिंबाचे दाणे पनीराबरोबर विशेष छान लागतात. अननस आणि किवी मात्र आयत्या वेळी घालावेत, कारण त्यांतील विकरे दुधातील प्रथिने फोडतात आणि मिश्रण थोड्याच वेळात कडवट होते. इतर फळेही खाण्यापूर्वीच चिरून मिसळावीत, नाहीतर पाणी सुटते.

चवीसाठी चाट मसाला घेऊ नये. त्यात साधे आणि काळे अशी दोन्ही मिठे असतात, आणि काळे मीठ किंवा सैंधव पथ्याला चालते हा समज चुकीचा आहे, कारण तीही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत. त्याऐवजी ताजी भाजलेली जिरेपूड, मिरपूड, चिरलेला पुदिना आणि लिंबाचे चार थेंब घालावेत. आंबटपणा आणि जिऱ्याचा खमंगपणा एकत्र आला की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. गोड आवडणाऱ्यांनी वेलचीपूड घालावी.

नुसते पनीर झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी फळांतील पोटॅशियमचा आणि पनीरातील फॉस्फरसचाही विचार करून प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, आणि पोटॅशियम क्लोराइड असलेले ‘कमी सोडियमचे मीठ’ त्यांच्या सल्ल्याशिवाय मुळीच वापरू नये.