आफ्रिकान्स शिकताय? मग या चुका टाळा

इंग्रजी येणाऱ्याला आफ्रिकान्स ही दक्षिण आफ्रिकेतली भाषा सोपी, असं सगळेच सांगतात. नामांना लिंग नाही, क्रियापद चालवायला नको. मी, तू, तो, आम्ही, सगळ्यांना 'अस' (आहे) एकच. हे खरंच आहे, पण घोळही इथेच होतो. सोपी म्हणून माणूस चौथ्या दिवशी वाक्यं फेकू लागतो, आणि ती असतात आफ्रिकान्स शब्द घातलेली इंग्रजी वाक्यं. दक्षिण आफ्रिकेतल्या मराठी घरांत मुलांना शाळेत आफ्रिकान्स असेल, तर ती मराठीतून समजावून बघा. बरेच प्रश्न पडणारच नाहीत.

सगळ्यांत महाग पडते ती 'वल'ची चूक. स्पेलिंग जवळजवळ इंग्रजी 'विल'चं, अर्थ मात्र 'इच्छा असणं'. शेजारच्या तानीनं (म्हणजे काकूंनी) शनिवारी ब्रायला, निखाऱ्यांवर मांस भाजायच्या बैठकीला, बोलावलं. नवशिक्याला दुसरं काम आहे. तो अदबीनं कळवतो: 'दान्की, एक वल नी कोम नी.' त्याच्या मते त्यानं 'येणार नाही' म्हटलं. तानीनं वाचलं, 'मला यायचं नाहीये.' पुढच्या बोलावण्याची वाट बघू नका. भविष्यकाळाला 'साल' लागतं: 'एक साल नी कान कोम नी', मला येता येणार नाही. (यातला 'एक' म्हणजे मी आणि 'कान' म्हणजे शकणं.) पहिले दोन महिने भविष्यकाळात 'वल'ला हातच लावू नका.

दुसरी चूक शेवटचं 'नी' गाळण्याची. आफ्रिकान्समध्ये नकार दोनदा येतो: 'एक प्रात नी आफ्रिकान्स नी', मी आफ्रिकान्स बोलत नाही. दुसरं 'नी' खाल्लं, की ऐकणारा वाक्य संपायची वाट बघत राहतो. लांब वाक्यात ते अगदी टोकाला जातं: 'एक हेत नी ख़वेअत दात येइ सीक अस नी.' मराठीत बघा, 'तू आजारी आहेस हे मला माहीत नव्हतं'. आपलाही नकार शेवटीच बसतो. 'नीमान्त' (कोणीही नाही) आणि 'नोइत' (कधीच नाही) आले तरी शेवटचं 'नी' हवंच. दोन 'नी' एकमेकांना चिकटणार असतील तरच एक पुरे: 'एक वेअत नी', मला माहीत नाही.

उच्चारात पहिला बळी 'जी' अक्षराचा. तो ग नाही, आपला ख नाही, हसुद्धा नाही. उर्दूतला नुक्तेवाला ख़. घसा खाकरायची गरज नाही. 'क'साठी जीभ मागे नेतो तशी न्या, पण टेकवू नका, फटीतून हवा सोडा. 'हु ख़ान दत?' (कसं काय?) रोज वीसदा म्हणा. अपवाद एक लक्षात ठेवा: डोंगर 'बेर्ख़', पण अनेक डोंगर 'बेर्गअ', तिथे साधा ग.

ऱ्हस्व 'आय'चा उच्चार इ करू नका. 'वल', 'दत', 'फस' (मासा), या सगळ्यांत आपला साधा अ आहे. इंग्रजांना तो शिकावा लागतो, आपल्याला आयता मिळालाय, तरी लोक 'विल', 'दित', 'फिस' म्हणतात. क, प, त यांमागे इंग्रजीसारखी हवाही सोडू नका.

'व्ही' म्हणजे फ, 'डब्ल्यू' म्हणजे व, 'जे' म्हणजे य. शब्दाच्या शेवटी लिहिलेला 'डी' त होतो: कुत्रा 'होन्त', पण कुत्रे 'होन्दअ'.

'हु' म्हणजे कसं. कोण म्हणजे 'वी'. उलट कराल तर उत्तरंही उलटीच मिळतील.

भूतकाळ म्हणजे 'हेत' अधिक 'ख़': 'एक हेत ख़वेर्क', मी काम केलं. पण 'फर', 'ब', 'ओन्त' यांनी सुरू होणाऱ्या क्रियापदांना सहसा 'ख़' लावत नाहीत: 'एक हेत फरस्तान', मला समजलं.

काळ आधी आला की क्रियापद लगेच, कर्ता नंतर: 'मोरअ ख़ान एक वंकल तु', उद्या मी दुकानात जाईन. 'मोरअ एक ख़ान' ही शुद्ध इंग्रजी. बरोबर वाक्यातलं 'वंकल तु' हे 'दुकानाकडे'सारखं, शब्दयोगी मागे लागलेलं.

आणि मोठ्यांना 'येइ' (तू) म्हणू नका. समोरच्या काकूंना थेट 'वल तानी कोफी हे?' असं विचारतात, काकूंना कॉफी हवी का. इथे मात्र 'वल' बरोबर आहे.