स्पीकरमधली शिट्टी शोधायला बसण्याआधी

गाणं थांबवलं तरी गाडीच्या स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि ॲक्सिलेटर दाबला की तिचा सूर चढतो. असं होत असेल, तर दुकानात जाऊन 'एक नॉइज फिल्टर द्या' म्हणण्याआधी रविवारची एक सकाळ या कामाला ठेवा. फिल्टरने आवाज बऱ्याचदा दबतो, पण दोष जागच्या जागी राहतो. त्यातून अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीला केलेली मायनसची जोडणी, ढिली असेल तर ती नुसती आवाज करून थांबत नाही, गरमही होते. म्हणून आधी शोध, मग खरेदी.

नाशिकच्या मुंबई नाक्यावर किंवा द्वारका चौकात उभं राहून यातलं काहीच ऐकू येणार नाही. सकाळी लवकर गंगापूर धरणाच्या बाजूला जा आणि रस्ता सोडून सपाट, मोकळ्या जागी गाडी लावा. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी अजिबात करू नका, साचलेला धूर जिवावर बेततो. सोबतीला घरातलं कुणीतरी हवंच. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, एक जण ॲक्सिलेटरवर आणि दुसरा डिकीत ॲम्प्लिफायरपाशी (स्पीकरला ताकद देणाऱ्या डब्यापाशी).

सामान फार लागत नाही: मल्टिमीटर, दहाचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, टॉर्च, एक चांगली आरसीए केबल (स्टिरिओतून ॲम्प्लिफायरला गाण्याचा सिग्नल नेणारी), मास्किंग टेप आणि डिकीपासून बॅटरीपर्यंत पोचेल एवढी लांब साधी वायर. आणि वही. वही विसरू नका, कारण चार बटणं दाबून झाल्यावर कशाने काय झालं हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

वहीत आधी एवढंच लिहा: चावी ऑन पण इंजिन बंद असताना काय ऐकू येतं, इंजिन चालू केल्यावर काय, आणि २,००० आरपीएमला काय. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर एकेक करून लावा. एफएम, ब्लूटूथ, यूएसबी, ऑक्स (फोन वायरने जोडायचं सॉकेट) हेही वेगवेगळं ऐका. इंजिनबरोबर सूर चढत असेल तर संशय अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा जनरेटर) आणि अर्थिंगवर. पेट्रोल गाडीत इंजिनच्या वेगाने टकटक येत असेल तर इग्निशनवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवर. इंजिन बंद असतानाही एकसारखा 'स्सss' येत असेल, तर ॲम्प्लिफायरचा गेन जास्त ठेवलेला असण्याची शक्यता मोठी. गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे, तो स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प्लिफायर जुळवण्यासाठी असतो, शेवटपर्यंत फिरवायचा नसतो.

चार्जर आणि डॅशकॅम काढून बघायला मिनिटभर लागतं, तेवढ्यावर काम भागलं तर उत्तमच. फोन चार्जिंगला आणि ऑक्सलाही लावलेला असताना शिट्टी येते, ब्लूटूथवर येत नाही, तर दोन वाटांनी जोडलेल्या अर्थिंगचा तो फेरा आहे. आकाशवाणी नाशिक लावल्यावरच खरखर होत असेल तर डॅशकॅमचा ॲडॉप्टर किंवा बाहेरून बसवलेले एलईडी हेडलाइट तपासा.

आता अर्थिंग, आणि इथे घाई नको. ॲम्प्लिफायरची काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळली आहे ती जागा उघडा. थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) रंग दिसला किंवा गंज दिसला, तर पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा आणि पुन्हा घट्ट आवळा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात सतत फिरणाऱ्या गाडीत हे आवर्जून बघा. ही वायर शक्य तितकी आखूड आणि बॅटरीकडून येणाऱ्या लाल वायरइतकीच जाड हवी. मग म्युझिक मोठ्याने लावून ॲम्प्लिफायरचा ग्राउंड (काळ्या वायरचा जोड) आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मीटर लावा, लांब वायर त्यासाठीच घेतली आहे. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड कच्चा आहे.

इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर करा आणि थेट बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अल्टरनेटरचे डायोड (त्यातली एसी वीज डीसी करणारे भाग) ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. मात्र आधी इंजिन बंद ठेवून हेच मोजा. काही स्वस्त मीटर डीसीलाच एसी समजून भलताच आकडा दाखवतात. बंद इंजिनवर शून्याच्या आसपास दिसलं तरच या मापावर विसंबा.

आरसीए काढण्या-लावण्याआधी सिस्टिम पूर्ण बंद करा. काही हेड युनिटमध्ये (डॅशबोर्डमधल्या स्टिरिओत) आरसीएचा ग्राउंड आतल्या एका बारीक फ्यूजमधून जातो, चालू असताना केबल ओढली तर तो उडतो आणि नवीच शिट्टी सुरू होते. केबल काढून सिस्टिम चालू केल्यावर आवाज गेला तर दोष पुढच्या बाजूला, म्हणजे हेड युनिट किंवा आरसीए केबलमध्ये, राहिला तर ॲम्प्लिफायर, त्याचा सप्लाय किंवा स्पीकरच्या वायरिंगमध्ये. मग जास्तीची आरसीए सीटवरून मोकळी टाकून बघा. शिट्टी थांबली तर जुनी केबल खराब आहे किंवा पॉवर केबलला चिकटून गेली आहे. त्या दोन केबल गाडीच्या दोन बाजूंनी न्यायच्या असतात.

दरवाजा किंवा नंबरप्लेट बासवर थरथरत असेल तर मास्किंग टेपने एकेक भाग दाबून बघा, तो वायरिंगचा विषय नाही. डॅशबोर्ड उघडायची वेळ आली तर बॅटरीचा मायनस काढा, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना स्वतः हात लावू नका. तिथून पुढे वायरमनकडे जा. जाताना वही आणि अर्थिंगच्या बोल्टचा फोटो न्या, आणि 'फिल्टर नंतर बघू, आधी हे तपासा' असं स्पष्ट सांगा.