जीन्स घेताना देश बघावा की शिलाई?

चप्पल आणि गूळ घेताना कोल्हापूरकर गाव विचारतो, आणि ते रास्तच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे सोडून इतर कुणी ते नाव लावायचं नाही, असा त्याचा अर्थ. तीच सवय आपण जीन्सला लावतो आणि तिथं गणित चुकतं. कमरेच्या आत शिवलेली ‘मेड इन बांगलादेश’ची पट्टी एवढंच सांगते की पॅन्ट कुठं शिवली. कापूस कुठला, कापड कोणत्या गिरणीचं, धुलाई कुठं झाली, यातलं काही त्यावर नसतं. ढाक्याजवळ शिवलेल्या पॅन्टचं कापड अहमदाबादचं किंवा चीनचं असू शकतं.

शिवाय देश हे माप फार मोठं आहे. बळ्ळारीत घराशेजारच्या शेडमध्ये शिवलेली पॅन्ट आणि बेंगळुरूच्या निर्यात कारखान्यातून निघालेली पॅन्ट, दोन्हींवर ‘मेड इन इंडिया’च. उल्हासनगरच्या मालावरचं ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद तर सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून पट्टी वाचायचीच, पण सगळ्यात शेवटी.

आधी पॅन्ट उलटी करा

महाद्वार रोडवरचा दुकानदार म्हणेल, “इंपोर्टेड हाय भावा, हात लावून बघा की.” हात जरूर लावा, पण आतून. बाहेरची बाजू विकण्यासाठी सजवलेली असते, आतली कुणी सजवत नाही.

पहिला हात खिशात घाला. पुढच्या खिशाची पिशवी ज्या पांढऱ्या कापडाची असते ते बोटांत धरून उजेडासमोर न्या. जाळीसारखं विरळ दिसलं, तर गाडीची किल्ली आणि सुटे पैसे त्याला वर्षभरात भोक पाडणार. हे कापड गिऱ्हाईक बघत नाही, त्यामुळं खर्च वाचवायचा झाला की कात्री आधी इथंच लागते. खिशाचं कापड घट्ट असेल, तर बनवणाऱ्यानं बाकी ठिकाणीही फार काटकसर केलेली नसते.

मग आसनाची शिलाई बघा, म्हणजे दोन पाय जिथं जुळतात ती जागा. चांगल्या जीन्समध्ये कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन समांतर टाके मारलेले असतात, कच्ची कड कुठं दिसत नाही. नुसतं ओव्हरलॉक (कड उसवू नये म्हणून तिच्याभोवती गुंडाळलेले टाके) आणि वर एक टाका असेल, तर रोज मोटारसायकलवर टांग टाकणाऱ्यानं ती पॅन्ट घेऊ नये. बाहेरच्या बाजूच्या लांब शिवणीला मात्र ओव्हरलॉक चालतं, महागड्या जीन्समध्येही ते असतं. शिवण दोन्ही हातांनी आडवी ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला किंवा दोरा कुरकुरला, तर ठेवून द्या.

पट्ट्याचे लूप वर-खाली दोन्हीकडं दाट टाक्यांनी पक्के केलेत का, तेही पाहा. चेन चार-पाच वेळा वर-खाली करा. अडकणारी चेन धुतल्यावर सुधारत नाही.

शेवटी पॅन्ट कमरेला धरून लोंबकळू द्या. बाजूची शिवण सरळ खाली मोहरीपर्यंत, म्हणजे पायाच्या खालच्या कडेपर्यंत, आली पाहिजे. ती पुढं वळत असेल तर कापड तिरकं कापलंय किंवा नीट पिळून-ताणून तयार केलेलं नाही, आणि धुतल्यावर नडगीवर शिवण येईल.

कापड: वजन, ताण, रंग

डेनिममध्ये उभा धागा निळीत बुडवलेला आणि आडवा पांढरा, म्हणून बाहेरून निळं आणि आतून फिकं. वजन चौरस वाराला किती औंस असं सांगतात: बारा औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४०० ग्रॅम, चौदा औंस म्हणजे पावणेपाचशेच्या आसपास. जड कापड जास्त टिकतं हे खरं, पण जुलैत कोल्हापुरात चौदा औंसाची पॅन्ट धुऊन बघा. तीन दिवस दोरीवर राहते आणि तरी कमरेजवळ कुबट वास मारते. आपल्या हवेला दहा ते बारा औंस पुष्कळ झालं.

लेबलावर सुती ९८ टक्के आणि इलॅस्टेन (रबरासारखा ताणणारा धागा) २ टक्के असेल तर रोजच्या वापराला छान. इलॅस्टेनला गरम पाणी आणि कडक इस्त्री मानवत नाही. ताण गेला की गुडघ्याला फुगा येतो. पॉलिस्टर भरपूर असेल तर एप्रिल-मेमध्ये पॅन्ट पायाला चिकटेल.

रंगासाठी रुमाल ओला करून मांडीच्या आतल्या बाजूला घासा. नीळ धाग्याच्या वरच्या थरातच बसते, त्यामुळं थोडा रंग कोणत्याही देशाची जीन्स सोडतेच. रुमाल गडद निळा झाला, तर पहिल्या पावसात गाडीची सीटही निळी होणार.

आता विटलेल्या, फाडलेल्या, पांढरे पट्टे ओढलेल्या जीन्सविषयी. दगडांबरोबर घुसळून, रसायन फवारून, घासून हे रूप आणतात, आणि प्रत्येक वेळी धागा कमजोर होतो. जुनी दिसणारी पॅन्ट विकत घेताना तिचं निम्मं आयुष्य आधीच खर्च झालेलं असतं. वाळूचा मारा करून रंग उडवायची पद्धत तर कामगारांच्या फुप्फुसांवर उठली, म्हणून तुर्कस्ताननं २००९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. टिकाऊ जीन्स हवी असेल तर गडद, कमी धुतलेली घ्या. फिकी ती आपोआप होते.

जपान खरंच वेगळा आहे का?

जपानी जीन्सचं नाव मोठं आहे. ती वेगळी आहेच, पण त्याचं कारण समजून घ्यायला इचलकरंजीला जावं. १९०४ मध्ये तिथं पहिला यंत्रमाग आला आणि पुढं गावच मागांचं झालं. जुन्या मागावर धोटा आडवा धागा घेऊन इकडून तिकडं जातो आणि तोच धागा घेऊन परत फिरतो, म्हणून कापडाची कड बंद होते. आधुनिक मागाला धोटा नसतो. तो प्रत्येक धागा कापतो, आणि काठाला झालर सुटते. ओकायामा प्रांतातल्या कोजिमा भागाच्या जीन्सचं जगभर कौतुक आहे ते याच धोट्याच्या मागांवर विणलेल्या डेनिमसाठी. मोहरी उलटी दुमडली की शिवणीच्या आत पांढरी बंद किनार दिसते, बहुधा एखादा रंगीत धागा घेऊन.

असा माग हळू चालतो, कापडाचा पन्हा अरुंद, त्यामुळं एका पॅन्टला कापड लांब लागतं. किंमत वाढते ती इथं. अशी जीन्स जास्त टिकेलच याची हमी मात्र ती किनार देत नाही. हौस असेल तर जरूर घ्या. शेतावर, बांधकामावर घालायला घेऊ नका.

अमेरिकेचा दबदबाही आता आठवणीतलाच म्हणायचा. खिशांना तांब्याच्या रिबिटा मारण्याचं पेटंट १८७३ मध्ये लेवी स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी तिथंच घेतलं. पण लेवीजनं अमेरिकेतले आपले शेवटचे शिलाई कारखाने २००३-०४ च्या सुमारास बंद केले, आणि ग्रीन्सबरोची व्हाइट ओक ही नामांकित डेनिम गिरणी २०१७ च्या अखेरीस थांबली. अमेरिकन ब्रँडची जीन्स अमेरिकेतच शिवलेली असेल, असं मानायचं आता काही कारण उरलेलं नाही.

मग किंमत कशानं बदलते?

देशाचा परिणाम मुख्यतः मजुरीत आणि सीमाशुल्कात दिसतो. बांगलादेशात कपडे कामगाराचं किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून महिना १२,५०० टका आहे, जपानी कामगाराच्या पगाराचा एक छोटा तुकडा. त्यात बांगलादेशी कपड्यांना भारतात सीमाशुल्काची सवलत मिळते. मे २०२५ पासून मात्र हा माल जमिनीवरच्या नाक्यांवरून येऊ देत नाहीत, न्हावाशेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच यावा लागतो, त्यामुळं वाहतुकीचा खर्च वाढला.

पण स्वस्त मजुरी म्हणजे वाईट शिलाई नव्हे. एकाच कारखान्यात एका रांगेत महागड्या ब्रँडचा माल आणि शेजारच्या रांगेत सुपरमार्केटचा माल शिवला जातो. मशीन तेच, हात तेच. कापड किती जाड, टाके किती दाट, तपासणी किती कडक, हे ऑर्डर देणारा ठरवतो, आणि पैसे तो त्याप्रमाणं मोजतो. राजारामपुरीतल्या शोरूममध्ये आपण त्याखेरीज जागेचं भाडं, जाहिरात आणि नावही विकत घेतो.

जीएसटी देश बघत नाही, किंमत बघतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. करापूर्वी २,५०० ची जीन्स हातात २,६२५ ला पडते. २,६०० ची ३,०६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाला चारशे त्रेचाळीस! म्हणून त्या रेषेच्या जरा वरची जीन्स घेताना दोनदा विचार करा.

आता पट्टी वाचा

आयात मालावर देशाचं नाव, आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किंमत लागते. ऑनलाइन विक्रीतही आयात वस्तूचा देश दाखवणं बंधनकारक आहे. ‘इंपोर्टेड’ म्हणून विकतात आणि आयातदाराचा पत्ताच नाही, तर ते इंपोर्टेड नाही असंच धरा.

‘एक्स्पोर्ट सरप्लस’, म्हणजे निर्यातीतून उरलेला, म्हणून मिळणाऱ्या मालात ब्रँडची पट्टी बहुधा अर्धी कापलेली असते. आत धुलाईच्या सूचना चार-पाच भाषांत असतील, किंवा आरएन (अमेरिकेत कपडे विकणाऱ्या कंपनीचा नोंदणी क्रमांक) लिहून पुढं आकडा असेल, तर माल परदेशासाठी शिवला असण्याची शक्यता वाढते. नक्कल करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे, हे लक्षात असू द्या. सरप्लस खरा असला तरी तो तपासणीत बाद झालेला असू शकतो: दोन्ही पाय एकमेकांवर ठेवून लांबी जुळते का बघा, मागचे खिसे एका रेषेत आहेत का बघा, रंगाची छटा दोन्ही पायांवर सारखी आहे का हे दुकानाबाहेर उन्हात बघा.

लांबी जास्त वाटली तर त्याच दिवशी शिंप्याकडं पळू नका. आधी एकदा गार पाण्यात, उलटी करून, स्वतंत्र धुवा आणि सावलीत वाळवा. जे आटायचं ते आटलं की मगच मोहरी कापायला द्या, आणि मूळचा पिवळा जाड दोराच वापरायला सांगा.