दोन ओळींचा फिक्स, चौदाशे ओळींचा डिफ

पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमधे आपला बदल घ्या अशी विनंती, टाकणार असाल तर आधी एडिटरमधलं फॉरमॅट ऑन सेव्ह, म्हणजे सेव्ह करताना कोडची मांडणी आपोआप बदलणारी सेटिंग, बंद करा. मग पुढचं वाचा.

मी सेकंड इयरला होतो, इंदूरला रामबागेत घर. एका पायथॉन प्रोजेक्टमधे तारखेचा बग सापडला, दोन ओळी बदलल्या, सेव्ह, कमिट (बदलाची नोंद), पुश (सर्व्हरवर पाठवणं), आणि खुशीत पोहे-जलेबी खायला गेलो. परत येऊन बघतो तर डिफमधे, म्हणजे काय-काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीत, चौदाशे ओळी लाल-हिरव्या! फाइलमधे टॅब होते, एडिटरने सेव्ह करताना सगळ्यांचे चार-चार स्पेस करून टाकले आणि मला पत्ताच नाही, स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात ना. प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेन्टेनरने एवढंच विचारलं, यात तुझा बदल कोणता? दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही मी.

बघा, यात दिसण्याचा प्रश्नच नाहीये. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या हिशोबाने टॅबचा स्पेस झाला म्हणजे ओळ बदलली. मग रिव्ह्यू करणाऱ्याला तुमच्या दोन ओळी शोधत बसावं लागतं, त्याच फाइलवर दुसऱ्या कोणाची ब्रांच, म्हणजे कामाची वेगळी शाखा, चालू असेल तर दोघांचे बदल भिडून त्याला कॉन्फ्लिक्ट, आणि कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते सांगणाऱ्या गिट ब्लेममधे अशा प्रत्येक ओळीवर तुमचं नाव. उद्या कोणी विचारलं ही ओळ अशी का लिहिली, तर सापडणार तुम्ही, ज्यांनी ती लिहिलीच नाही. डिफच्या कमांडला डॅश डब्ल्यू (-w) लावलं की स्पेसचा कचरा दिसत नाही, पण फक्त दिसत नाही, कमिटमधे तो असतोच.

आणि मी शहाणा, सॉरी म्हणायचं सोडून भांडलो. पेप ८ मधे, म्हणजे पायथॉनच्या स्टाइलच्या नियमांत, चार स्पेस लिहिलंय, २००१ पासून! लिहिलंय, खरंय. पण त्यातच हेही लिहिलंय की आधीचा कोड टॅबमधे असेल तर टॅबच ठेवा, ते मी वाचलंच नव्हतं. लिनक्स कर्नलमधे टॅब, तोही आठ रुंदीचा. गो भाषेचा फॉरमॅटर गोफमट तर स्वतःच टॅब घालतो. प्रोग्रॅम बिल्ड करायच्या कमांड ज्यात लिहितात त्या मेकफाइलच्या कमांडच्या ओळींत टॅबऐवजी स्पेस टाकून बघा, चालतच नाही.

कॉलेजातला एक सिनियर म्हणे, पूर्ण प्रोजेक्टच फॉरमॅट करून टाक, एकदाचं मिटेल. असले सल्ले देणारे दादा आणि आठवड्यात ओपन सोर्स शिकवणारे कोचिंगवाले, दोघांपासून लांब राहा. रीडमीमधे, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमधे, नुसता स्वल्पविराम टाकून आपलं प्रोफाइल सजवणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही.

स्टाइल खरंच बदलायची असेल तर आधी इश्यू, म्हणजे प्रोजेक्टच्या पानावर चर्चेचा धागा, उघडून विचारा. सगळे हो म्हणाले तर फॉरमॅटिंगचा कमिट वेगळा, त्यात दुसरं काहीही नको, आणि त्याचा हॅश, म्हणजे त्या कमिटचा ओळख-क्रमांक, ब्लेमच्या इग्नोर यादीत टाका म्हणजे ब्लेम तो कमिट सोडून देईल, गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ही सोय आहे. मग सीआयमधे, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत, फॉरमॅटरचा चेक लावला की वाद माणसांशी होत नाही, मशीनशी होतो.

घाबरू नका पण, सगळ्यांचं होतं हे. मी मेन, म्हणजे मुख्य ब्रांचमधली मूळ फाइल परत आणली, दोन ओळी पुन्हा लिहिल्या, गिट ॲड डॅश पी (git add -p) ने तुकडा-तुकडा बघून कमिट केलं. सोबत मेन्टेनरला विचारलं, टॅब की स्पेस ते एडिटरला सांगणारी एडिटरकॉन्फिगची फाइल टाकू का, म्हणजे माझ्यासारखा पुढचा वाचेल. टाक म्हणाले. प्रोजेक्ट आजही टॅबवरच आहे.

आईला सांगितलं, माझ्या दोन ओळी मर्ज झाल्या, प्रोजेक्टमधे घेतल्या. म्हणाली, इतके दिवस जागून दोनच?