हार्ड डिस्कचा अ‍ॅडॅप्टर हरवला? असा शोधा

साडेतीन इंची एक्सटर्नल हार्ड डिस्कचा अ‍ॅडॅप्टर गेला की लोक नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) जाऊन "हार्ड डिस्कचा द्या" म्हणतात अन् दुकानदार पिन बसेल तो देतो, तसं नका करू.

१. डिस्कच्या मागं किंवा खाली व्होल्ट अन् अ‍ॅम्पिअर छापलेलं असते, त्याचा फोटो काढा. बहुतेक १२ व्होल्ट, दीड-दोन अ‍ॅम्पिअर असते.
२. व्होल्ट तंतोतंत तोच, अ‍ॅम्पिअर तेवढा किंवा जास्त चालते, कमी नाही.
३. डिस्कवर अन् नव्या अ‍ॅडॅप्टरवर छापलेल्या गोलाच्या चित्रात मधे प्लस आहे का मायनस ते जुळवा.
४. डिस्क सोबतच न्या, कारण ५.५ मिमीच्या पिनमधे आतलं भोक २.१ अन् २.५ असं दोन मापाचं येते, डोळ्यानं कळत नाही बाप्पा.

लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर पिन बसली तरी लावू नका, डिस्क जळू शकते.